अपाय तर नाही ना!

रायगड जिल्ह्यातल्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी-उंदेरीची बेटं आणि मागे आरसीएफच्या खत कारखान्याची धुराडी. त्या कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. त्यासाठी प्रचंड दाब लागतो, शेकडो अंशांची उष्णता लागते, नैसर्गिक वायू लागतो. विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीनचं रोप नायट्रोजन बांधण्याचं हेच काम जमिनीखाली बिनबोभाट उरकतं. त्याची मुळं मातीत काही रसायनं सोडतात, ती ओळखून विशिष्ट जिवाणू मुळांशी येतात, गाठी धरतात आणि हवेतला नायट्रोजन रोपाला पुरवतात. या बोलावणं धाडणाऱ्या रसायनांतली दोन मुख्य म्हणजे जेनिस्टीन आणि डेडझीन. दोघांचं कुळ एकच, आयसोफ्लेव्होन.

रोपानं जी रसायनं जिवाणूंसाठी बनवली, ती आता कॅप्सूलमध्ये भरून प्रोस्टेटच्या कॅन्सरवर घेतली जात आहेत. मुंबईत घेतली जातात, पुण्यात घेतली जातात, आणि सोयाबीनचं एक शेतही जिथे दिसायचं नाही त्या आमच्या किनारपट्टीवरही घेतली जातात.

थळचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. जमिनी गेलेल्या घरांतल्या ज्या पंचविशीच्या पोरांना तेव्हा नोकरी लागली, ती आज पासष्टीत आहेत, निवृत्त आहेत. हेच प्रोस्टेटच्या तक्रारींचं वय. पुरुषाच्या मूत्राशयाखाली ही अक्रोडाएवढी ग्रंथी असते, वयाबरोबर ती वाढते. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो. बहुतेकांच्या बाबतीत ही वाढ साधी असते. काहींच्या बाबतीत तो कॅन्सर असतो. भारतात दरवर्षी या कॅन्सरचे सुमारे अडतीस हजार नवे रुग्ण आढळतात असा २०२२चा जागतिक अंदाज सांगतो, आणि आपल्याकडे त्यातले पुष्कळजण डॉक्टरांसमोर येतात ते रोग हाडांपर्यंत गेल्यावर. कंबर धरली म्हणून महिनोन् महिने तेल चोळायचं, आणि मग एक दिवस एक्स-रे.

अशाच एका घरात मी ती बाटली हातात घेऊन पाहिली. ठाण्याच्या मुलीनं ऑनलाइन मागवली होती. पुढे हिरवं पान, शेंगा आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द. मागे बारीक अक्षरांत, चष्मा वर-खाली केल्याशिवाय न दिसणारी ओळ: हे औषधी वापरासाठी नाही. घरधन्याच्या डाव्या हाताशी इंजेक्शनांची फाइल, उजव्या हाताशी ही बाटली. डॉक्टरांना सांगितलंत का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सकाळी पेज खाल्ली हे डॉक्टरांना सांगितलंत का, असंच मी विचारलं होतं. “डाक्टरला कनाला सांगाचा? यो काय औषद हाय?” आणि मग मुलीचा फोनवरचा प्रश्न, जो मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या घरांत ऐकत आलो आहे: “झाडाचंच आहे ना ते, अपाय तर नाही ना?”

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. तो प्रेमापोटी विचारला जातो हे मला ठाऊक आहे. पण तो भलत्याच माणसाला विचारला जातो, उत्तर ऐकायची तयारी नसताना विचारला जातो, आणि त्याच्या आडोशानं आपण एक मोठा विषय टाळतो. तो विषय म्हणजे पुरुषाच्या शरीरातलं हार्मोन.

आधी विज्ञानाचं बघू. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतांशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दिलं, तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आजची हार्मोन-चिकित्सा त्याच पायावर उभी आहे. अंडकोषांना मेंदूकडून येणारा हुकूम थांबवणारी इंजेक्शनं महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची, किंवा एका छोट्या शस्त्रक्रियेत अंडकोष काढायचे. एरवी पुरुषाच्या रक्तात दर डेसिलिटरला तीनशे ते हजार नॅनोग्रॅम असलेलं टेस्टोस्टेरॉन पन्नासच्या खाली आणायचं, हे त्यामागचं गणित.

आता सोयाबीन यात शिरलं कसं? आयसोफ्लेव्होनचा रेणू बांध्यानं इस्ट्रोजेनच्या जवळचा आहे. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, तेव्हा या कुळातली रसायनं संशयाच्या फेऱ्यात आली. मेंढीला वांझ करणारी वस्तू माणसाच्या हार्मोनचं काय करील, ही भीती तिथून निघाली. आणि आशाही तिथूनच निघाली. इस्ट्रोजेननं प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो हे हगिन्सनी दाखवलं होतंच; मग वनस्पतीतलं हे सौम्य, इस्ट्रोजेनसारखं द्रव्य तेच काम बिनत्रासाचं का करणार नाही? त्यात भर जपानची. जपानी लोक टोफू, मिसो, नाट्टो खातात, आणि तिथल्या पुरुषांत हा कॅन्सर अमेरिकेपेक्षा कमी. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जपान्यांत मात्र तो वाढतो. झालं, सोयाबीनच्या गळ्यात माळ पडली.

या युक्तिवादातलं भोक थळच्या माणसाला चटकन दिसायला हवं. भारतात या कॅन्सरचं नोंदलेलं प्रमाण जपानपेक्षाही कितीतरी कमी आहे. आपल्या वाडवडिलांनी टोफू कशाशी खातात हे पाहिलं नव्हतं. त्यांनी भात खाल्ला, बोंबील-मांदेली खाल्ली, वालाचं बिरडं खाल्लं. मग बिरड्याच्या कॅप्सूल का नाहीत निघत? आपला आकडा कमी दिसण्याचं एक कारण तर सरळ आहे, आपल्याकडे तपासणीच कमी होते. देशादेशांतली ताटं आणि आजार शेजारी-शेजारी मांडून औषध ठरत नसतं. त्यासाठी माणसांचे दोन गट करावे लागतात, एकाला खरी कॅप्सूल आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल द्यावी लागते, कोणाला काय मिळतंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवावं लागतं, आणि मग मोजावं लागतं.

ते मोजून झालं आहे, आणि ही गोष्ट बाटलीवर कुठेच छापलेली नसते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली. ग्रंथीपुरता कॅन्सर असलेले आणि शस्त्रक्रियेची वाट पाहणारे ८६ पुरुष त्यात होते. त्यांतल्या काहींना रोज ८० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन सहा आठवड्यांपर्यंत दिले, बाकीच्यांना पोकळ कॅप्सूल. एकूण टेस्टोस्टेरॉन, मुक्त टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, पीएसए (प्रोस्टेटच्या रोगाची रक्तातली खूण), कोलेस्टेरॉल, सगळं तपासलं. दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. गाठीच्या पेशींतल्या काही जनुकांच्या हालचालीत बदल दिसले. संशोधकांनी त्यावर पुढे काम करावं, पण रुग्णाच्या हाती त्यातून काही येत नाही. त्याच वर्षी दुसरी, अधिक मोठ्या मुदतीची चाचणी आली. प्रोस्टेट काढल्यावरही रोग परतण्याचा धोका ज्यांना जास्त होता अशा १७७ पुरुषांना रोज सोया प्रथिनाची पावडर किंवा दुधाच्या प्रथिनाची पावडर दिली गेली. दोन वर्षांत सोया घेणाऱ्यांपैकी २७.२ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के लोकांत रोगानं पुन्हा डोकं वर काढलं. हा फरक योगायोगात जमा होणारा. उपयोग दिसत नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. हार्मोन-चिकित्सेत पुरुषांनाही पाळी जाणाऱ्या बायकांसारखे अंगातून वाफा निघाल्याचे झटके येतात. त्यावर तरी सोया चालेल म्हणून १२० पुरुषांवर चाचणी झाली. तिथेही हात रिकामेच.

आणि हार्मोनची उलटी भीती? सोयाबीन खाल्लं की पुरुषाला छाती येते, पुरुषत्व जातं, असं व्यायामशाळेत सांगणारे पुष्कळ. ४१ अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये पाहणी झाली. सोया पदार्थ असोत की आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या, पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर किंवा इस्ट्रोजेनवर परिणाम दिसत नाही. रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पिणाऱ्या एका साठीच्या अमेरिकन गृहस्थाला छाती आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे; पण रोज तीन लिटर काहीही प्यायलं तर कशाची ना कशाची नोंद व्हायचीच. तेव्हा नागपूरच्या माणसानं खुशाल सोयावडीची भाजी खावी. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग करून पाहिले, ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं, गरिबाला स्वस्त प्रथिन मिळावं हा त्यामागचा विचार होता, आणि तो आजही खरा आहे. आशा आणि भीती दोन्ही अशा मोजणीतच निकालात निघतात, याचं मला गंमतशीर समाधान वाटतं.

मग इथे कोणी म्हणेल, तुम्हीच सांगितलंत की काही होत नाही. म्हणजे अपायही नाही. घेऊ द्या की म्हाताऱ्याला. मनाला बरं वाटतं.

इथेच मी हट्टानं थांबतो. चाचणीतली कॅप्सूल आणि बाजारातली बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीत प्रत्येक कॅप्सूलमध्ये काय आहे ते तपासलेलं असतं. बाजारात ते कंपनीच्या शब्दावर असतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण प्रोस्टेटच्या रुग्णांत फार लोकप्रिय झालं होतं. त्याचा गुणही यायचा! पीएसए खाली यायचं, रुग्ण एकमेकांना शिफारस करायचे, संशोधकांनी त्यावर चाचण्याही सुरू केल्या. मग पृथक्करणात उघड झालं की त्या ‘वनौषधी’त डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे बनावटीचं इस्ट्रोजेन मिसळलेलं आहे, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आहे. २००२ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. म्हणजे ‘झाडाचं’ औषध लागू पडत होतं ते त्यात चोरून घातलेल्या कारखान्याच्या औषधामुळे, आणि त्या औषधाची किंमत रुग्ण रक्ताच्या गुठळ्यांनी मोजत होते. तेव्हापासून माझा एक नियम आहे. सप्लिमेंटनं काहीच झालं नाही तर पैसे गेले. सप्लिमेंटनं पीएसए भराभर उतरलं तर मात्र घाबरावं.

जीवनसत्त्वाला तर कुणीच विष म्हणणार नाही. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे पाहण्यासाठी २००१ पासून ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर अमेरिका-कॅनडात चाचणी झाली. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कॅन्सर सतरा टक्क्यांनी जास्त आढळला. ‘अपाय तर नाही ना’ म्हणून गोळी घेणाऱ्या हजारो निरोगी माणसांपैकी काहींना अपायच झाला होता, आणि इतकी मोठी चाचणी झाली नसती तर तो कोणाला कधीच कळला नसता.

अन्नाचा औषधावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. उलट, तो इतका होतो की त्याचं भान ठेवावं लागतं. ॲबिराटेरॉन हे पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवरचं महाग औषध. चार गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात. जेवणाबरोबर घेतल्या तर औषध कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. शिकागोच्या डॉक्टरांनी यातून वेगळाच विचार केला. चारऐवजी एक गोळी जेवणाबरोबर दिली तर? ७२ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१८ मध्ये आला, आणि पीएसएवर एक गोळी चारांच्या तोडीस तोड उतरली. आपल्यासारख्या देशात या एका गोष्टीनं घरं वाचू शकतात. अन्नाबद्दलची खरी आस्था अशी दिसते: मोजून, नोंदून, डॉक्टरांच्या नजरेखाली. तीच गोष्ट कोणी आपल्या मनानं केली, उपाशीपोटी सांगितलेल्या चारही गोळ्या पोटभर जेवून घेतल्या, तर तो औषधाचा अतिरेक. म्हणून ‘खाण्याच्या गोष्टी डॉक्टरांना कशाला सांगायच्या’ हे वाक्य कॅन्सरच्या घरात चालत नाही.

आता त्या टाळलेल्या विषयाकडे येतो.

हार्मोन-चिकित्सा सुरू करायची म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते. ज्याचा रोग पसरला आहे, ज्याला ही चिकित्सा कायमची लागणार आहे, त्याच्यासमोर डॉक्टर दोन वाटा ठेवतात. एक, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी हजारो रुपयांचं इंजेक्शन, आयुष्यभर. दुसरी, अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया, एकदाच, सरकारी रुग्णालयात फारसा खर्च न येणारी. परिणाम जवळपास सारखा. शस्त्रक्रियेत तर टेस्टोस्टेरॉन एका दिवसात उतरतं, इंजेक्शनाला काही आठवडे लागतात. (रेडिएशनबरोबर थोड्या काळापुरती हार्मोन-चिकित्सा ज्यांना लागते त्यांचा हिशेब वेगळा, त्यांना इंजेक्शनच ठीक.) आणि आपल्याकडे काय होतं? “खच्ची करायचं का माणसाला?” मुलगा संतापतो. बायकोला कोणी विचारत नाही. रुग्णालाही विचारत नाहीत, कारण त्याला कॅन्सर आहे हेच त्याच्यापासून लपवलेलं असतं: बाबांना सांगू नका हं, ते हाय खातील. मग दागिने मोडून इंजेक्शनं सुरू होतात, वर्षभरात पैसे संपतात, इंजेक्शनं थांबतात. त्या पोकळीत बाटली येते. बाटलीला कोणाला काही विचारावं लागत नाही. तिच्यात अंडकोष नाही, हार्मोन नाही, लाज नाही. हिरवं पान आहे.

बाटलीचं खरं काम मला हे वाटतं. ती रोगावर चालत नाही, घरातल्या मौनावर चालते.

पुरुषत्व अंडकोषांत ठेवायचं आणि मग ते अंडकोष वाचवण्यासाठी पुरुष गमवायचा, हा कुठला हिशेब? ज्या माणसानं तीस वर्षं पाळ्या केल्या, अमोनियाच्या वासात रात्री काढल्या, किंवा ज्यानं भर वादळात होडी काढून जाळी वाचवली, त्याचा मान त्या दोन ग्रंथींवर अवलंबून आहे असं त्याच्याच मुलानं ठरवावं? हार्मोन उतरल्यावर इच्छा कमी होते, ताकद कमी होते, मन खिन्न होतं, हे खरं आहे आणि ते नवरा-बायको दोघांनाही आधी स्पष्ट सांगायला हवं. न सांगता ते झालं की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

जवळपास शंभर वर्षांपूर्वी र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, जुलै १९२७ मध्ये. लैंगिक आरोग्यावर मराठीत, स्पष्ट, कोणाची भीड न ठेवता लिहिणारं मासिक. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले. पण तो लढला गेला, कारण शरीराबद्दल विचारणं हा गुन्हा नाही असं त्या दोघांना वाटत होतं. ‘प्रबोधन’ हे नियतकालिक काढणारे प्रबोधनकार ठाकरे तर याच जिल्ह्यातले, पनवेलचे. इतका वारसा असून आज रायगडात निवृत्त माणूस रात्री चार वेळा उठतो हे आपल्या सख्ख्या भावाला सांगत नाही. बायकांच्या स्तनांची, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी निदान सरकारी कार्यक्रमात तरी आहे. आशाताई घरी येऊन सांगतात. प्रोस्टेटसाठी तसा कार्यक्रम नाही, आणि सरसकट सगळ्या पुरुषांची पीएसए तपासणी करावी की नाही यावर डॉक्टरांत मतभेदही आहेत. पण लक्षण दिसत असताना तोंड बंद ठेवणं, यावर मतभेद कुठे आहेत?

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. कॅन्सर बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणं १९५४च्या जादुई उपायांवरच्या कायद्यानं बंद आहे. म्हणून बाटली ‘बरा करते’ म्हणत नाही. ‘प्रोस्टेटच्या आरोग्याला साहाय्य’ म्हणते. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणाऱ्या मांत्रिकाला पकडतो. त्याच्यासाठी दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. पण बारकोड असलेला, छान खोक्यात येणारा मांत्रिक त्यातून सुटतो. खाद्य-सप्लिमेंट विकायला ती रोगावर चालते हे सिद्ध करावं लागत नाही. ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलं की झालं.

बोलणाऱ्यांनी बोलायचं मात्र सोडलेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नीचा कॅन्सर कडुनिंब, हळद, लिंबूपाणी आणि साखर-दूध सोडल्यानं बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सह्यांचं निवेदन काढलं: याला भक्कम पुरावा नाही, सिद्ध झालेले उपचार लांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. पण व्हिडिओत हळद दिसते, केमोथेरपी दिसत नाही. २६२ डॉक्टरांच्या निवेदनापेक्षा तो व्हिडिओ आमच्या गावात जास्त मोबाइलवर फिरला, हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण मलाच तो पाच जणांनी पाठवला.

डॉक्टरांचीही चूक आहे, ती झाकत नाही. मांडव्याची लाँच पकडून परळला जायचं, रांगेत उभं राहायचं, संध्याकाळची परतीची लाँच चुकू नये म्हणून घड्याळ बघत बसायचं, आणि आत गेल्यावर तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न येत नाही. आला तरी ‘काही नाही’ असं उत्तर येतं, कारण डॉक्टर ओरडतील. ओरडणारा डॉक्टर बाटलीवाल्याचा सगळ्यात मोठा मदतनीस. बाटलीवाला कधी ओरडत नाही. तो ‘काका’ म्हणतो.

जे चालतं ते साधं आहे आणि त्यात कोणाला कमिशन नाही. टेस्टोस्टेरॉन उतरलं की हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, पोट सुटतं, साखर आणि हृदयाचा धोका वाढतो. यावर उपाय म्हणजे रोजचं चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम. थळच्या माणसाला जिम लागत नाही, पाण्याच्या दोन बादल्या पुरतात, हाडांत रोग नसल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली की झालं. तंबाखू आणि दारू सोडायची. हाडांची घनता, साखर, रक्तदाब वेळच्या वेळी तपासायचे. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. ताटात मासे राहू द्यावेत, डाळ राहू द्यावी, सोयावडी आवडत असेल तर तीही. आणि घरातली प्रत्येक बाटली, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजाऱ्यानं दिलेली, जावयानं परदेशातून आणलेली, सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या. खारघरचं टाटाचं केंद्र याच जिल्ह्यात आहे, अलिबागचं जिल्हा रुग्णालय तर हाकेच्या अंतरावर.

गावात माणसं जमवायला कारणं कमी नसतात. निवृत्त कामगारांची मंडळं आहेत, मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत, भजनी मंडळं आहेत. एखाद्या रविवारी मूत्रविकारतज्ज्ञाला बोलवावं आणि त्याला इंग्रजी शब्द टाळायला सांगावं. एवढंच करावं की ‘फक्त पुरुषांसाठी’ असा फलक लावू नये. बाटली मागवणारी बहुतेक वेळा मुलगी किंवा सून असते, आणि म्हातारा रात्री किती वेळा उठतो याचा खरा आकडा त्याच्या बायकोकडेच असतो.